मदत हवी आहे: हिप्परग्याच्या गाळात अमेरिकेचं वाळवंटी झुडूप?

सातरस्ता:
नमस्कार मंडळी. प्रश्न लेकीचा आहे, पण तिला इथं खातं काढायचा कंटाळा, म्हणून मी लिहितेय. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतीशास्त्र. हर्बेरियमच्या (रोपं वाळवून कागदावर चिकटवायची ते) 15 शीट सोमवारी द्यायच्यात. 14 झाल्या, पंधराव्या शीटनं घर डोक्यावर घेतलंय.

रविवारी सकाळी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर गेलो होतो. पाणी मागं सरलेल्या भागात गाळाला भेगा पडल्यात, त्यावर हे रोप दिसलं. इस्त्री फिरवल्यासारखं जमिनीला चिकटलेलं. मधल्या मुळापासून चहूकडं फांद्या, घेर ताटाएवढा, उंची मात्र बोटभरही नाही. पानं नखाएवढी, राखाडी लव, हाताला खरखरीत, आणि कडा करंजीला मुरड घालावी तशा. पानांच्या बेचक्यात पांढरी फुलं, ज्वारीच्या दाण्याहून बारीक.

झाडं ओळखायच्या अ‍ॅपनं तिन्ही फोटोंना एकच उत्तर दिलं: टिक्विलिया. शोधलं तर ती बोरेज कुळातली अमेरिकेच्या वाळवंटातली झुडपं! मोहावी, सोनोरा, खाली पेरू-चिलीचा किनारा. लेकीनं तेच लेबल लावलं. मॅडमनी "कुरियरनं मागवलंस का?" विचारून शीट परत दिली. सोलापूरचं ऊन कुणाला हार जात नाही हे मान्य, पण पार चिलीपर्यंत नातं?

हुरडापार्टी:
फोटो उघडत नाहीत. वर्णनावरून भुरुंडी वाटते. आमच्या बांधावर लई आहे.

सातरस्ता:
फोटो पुन्हा टाकलेत. भुरुंडी मला माहीत आहे हो, तिचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो. इथं तुराच नाही, एकेकटं फूल पानाजवळ बसलंय.

तणकट:
ताई, अ‍ॅपला शिव्या घालू नका, निम्मी वाट त्यानं बरोबर धरलीय. एक काम करा: फूल भिंगाखाली धरा आणि पाकळ्या मोजा. चार की पाच? तोवर मी काही बोलत नाही.

सातरस्ता:
शीटवरची फुलं वाळून कोळ झाली होती, म्हणून लेक संध्याकाळी गाडी काढून पुन्हा तलावावर गेली. सात फुलं बघितली. सातही चार पाकळ्यांची.

तणकट:
मग टिक्विलिया बाद. तिला पाच पाकळ्या, आणि रंग बहुतेकदा गुलाबी-जांभळट. तुमची ती कोल्डेनिया प्रोकम्बेन्स, म्हणजे त्रिपक्षी. खात्रीसाठी पान देठाशी बघा, एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली दिसेल. तळ्याचं पाणी आटलं की गाळावर आणि भात काढलेल्या खाचरात ही हमखास येते. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सगळ्या उष्ण पट्ट्यात आहे. वर्षभरात संपणारं रोप, टिक्विलियासारखा लाकडी बुडखा हिला होत नाही.

आता गफलत कुठली ते सांगतो, कारण मॅडम विचारणार. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये हिला नाव दिलं ते न्यूयॉर्क वसाहतीतल्या कॅडवालडर कोल्डेन यांच्यावरून. म्हणजे नाव अमेरिकेचं, रोप इकडचं. (खरी वनस्पतीवेडी त्यांची मुलगी जेन. हडसन खोऱ्यातल्या 300 हून जास्त वनस्पती तिनं टिपल्या. पण तो वेगळा धागा होईल.) पुढं अमेरिकेच्या वाळवंटातल्या चपट्या, लवदार, चुरगळल्यासारख्या पानांच्या वनस्पती सापडल्या, त्याही दिसायला अशाच म्हणून कोल्डेनियातच घातल्या. टिक्विलिया हे नाव 1805 पासून होतं, पण अडगळीत पडलं. 1976-77 मध्ये आल्फ्रेड रिचर्डसन या वनस्पतीतज्ज्ञांनी ती सगळी अमेरिकन मंडळी बाहेर काढून परत टिक्विलियात नेली. कोल्डेनियाच्या घरात एकटी तुमची त्रिपक्षी उरली. जुन्या पुस्तकांत मात्र त्या वाळवंटी झुडपांवर अजून कोल्डेनियाचंच लेबल आहे. माणसं इतकी वर्षं फसली, तिथं अ‍ॅपचं काय घेऊन बसलात!

आणि डीएनए तपासल्यावर त्रिपक्षी टिक्विलियापेक्षा भोकराच्या जवळची निघाली.

हुरडापार्टी:
लोणच्याचं भोकर?? एवढ्या मोठ्या झाडाची ही चुलत बहीण?

तणकट:
तेच भोकर. लोणचं मात्र घालू नका.

कोरडवाहू:
अवांतर: ही वाळवून मेथ्यांबरोबर वाटायची आणि कोमट करून गळवावर बांधायची, गळू लवकर पिकतं असं जुनी माणसं सांगतात. मी केलेलं नाही, मला डॉक्टर परवडतो.

सातरस्ता:
तणकट काका, तुमचे उपकार कसे फेडू! त्रिपक्षीचं लेबल लिहून झालं, पण आता कुळाच्या रकान्यावर घोडं अडलंय. लेकीला एका ठिकाणी बोरॅजिनेसी (तेच बोरेज कुळ) दिसतंय, दुसरीकडं कॉर्डिएसी.

तणकट:
दोन्ही बरोबर. 2016 च्या एपीजी-4 या फुलझाडांच्या वर्गीकरणात सगळं गणगोत बोरॅजिनेसीतच ठेवलंय. काही अभ्यासक ते कुळ फोडतात आणि भोकर, त्रिपक्षी यांना कॉर्डिएसीत बसवतात. परीक्षा मॅडम घेणार आहेत, मी नाही. अभ्यासक्रमात असेल ते लिही म्हणावं.

सातरस्ता:
बोरॅजिनेसी लिहिलं. एकच शेवटचं: शीट उचलली की फळं गळतायत. चोचीसारखं टोक असलेली बारकी फळं आहेत, एकेकाचे चार तुकडे होतात. फेव्हिकॉल लावू का?

तणकट:
अजिबात नको! कागदाची पुडी करा, फळं त्यात घाला आणि पुडी शीटच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवा. मोठ्या हर्बेरियममध्येही असंच करतात. लेबलवर ठिकाण, तारीख आणि "आटलेल्या तलावाचा गाळ" एवढं आठवणीनं लिहा.

सातरस्ता:
पुडी झाली. 11 तुकडे आत आहेत, बारावा फरशीवर कुठंतरी गेलाय. लेक बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरलीय.