चव्वेचाळिसाव्या वर्षी जर्मन परत आणि कानडी पहिल्यांदा: दोन्ही एकदम जमेल का?

कोपरीची_मेधा: २००३ साली कॉलेजात असताना जर्मनच्या ए-२पर्यंतच्या, म्हणजे ए-१ आणि ए-२ या पहिल्या दोन पातळ्यांच्या, परीक्षा दिल्या होत्या. आता "इश हाबे"च्या पुढे गाडी सरकत नाही. भाऊ श्टुटगार्टला असतो, भाचा सहा वर्षांचा आहे. व्हिडिओ कॉलवर तो बोलतो आणि मी नुसती हसते. दुसरं, आईचं माहेर चिक्कोडीचं. कानडी कळतं सगळं, तोंडातून मात्र एक वाक्य फुटत नाही. मार्गशीर्षात धारवाडला मामेभावाचं लग्न आहे. वेळ म्हणाल तर ठाणे-नेरुळ लोकलमध्ये जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. बजेट ३,००० रुपये. महिन्याला नव्हे, एकूण. दोन्ही एकदम घेऊ की एकेक? आधी कोणती?

सकुरा_घोडबंदर: जपानी घ्या. मी चाळिशीनंतर सुरू केलं, आता एन-३ ही मधली पातळी पास आहे. परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात असते, त्यामुळे आपोआप शिस्त लागते. क्लास, पुस्तकं मिळून लाखभर गेले असतील, पण स्वतःवर खर्च करायला शिकायला हवं.

नेरुळकाकू: ताई, एक सांगते, आगाऊ पैसे देऊ नका. मी स्पॅनिशसाठी ऑनलाइन एका बाईंना तीस तासांचे बारा हजार एकदम भरले. सात तास झाले आणि त्यांचा फोन बंद. अजून बंदच आहे. आता दुसरीकडे तासाला ८०० देते, तास झाला की लगेच. तुम्हीही तसंच करा.

कोपरीची_मेधा: काकू, ८००च्या हिशोबाने माझे पावणेचार तास होतात.

लोकलचा_पंडित: मी त्या हिरव्या घुबडाच्या ॲपवर, ड्युओलिंगोवर, ६१२ दिवस एकही खाडा केला नाही. जर्मनच. मग ऑफिसात जर्मन पाहुणे आले. मला त्यांना टॉयलेट कुठे आहे ते सांगता येईना, पण अस्वल बिअर पितं हे सांगता आलं असतं. ॲपने खाडा न करण्याची सवय लागते, भाषा येत नाही. आणि कानडी तर त्या घुबडाकडे नाहीच.

हुबळीकर_वाशी: "कानडी" नव्हे, कन्नड म्हणा. भाषा शिकायची तर आधी तिचं नाव तरी नीट घ्या.

कोपरीची_मेधा: आमच्या आजीची भाषा होती, आणि ती स्वतः मराठीत बोलताना कानडीच म्हणायची. पण बरं, कन्नड.

सरळवाट: मराठीत कानडीच म्हणतात. जर्मन माणूस स्वतःच्या भाषेला डॉइच म्हणतो, म्हणून आपण "डॉइच शिकतो" म्हणतो का?

हुबळीकर_वाशी: तुमच्या मराठीतला अडकित्ता आमच्याकडचा. अडके म्हणजे सुपारी. तूप घ्या, आमचं तुप्प.

सरळवाट: तूप कोणी कोणाकडून उचललं त्याची पावती आहे का तुमच्याकडे?

(इथे तुपावर अकरा प्रतिसाद झाले. त्यातले दोन साजूक तुपाच्या भावाबद्दल होते.)

रविवारचा_विद्यार्थी: मूळ प्रश्नावर येऊ का? मेधाताई, तुमच्या दोन भाषा एका जातीच्या नाहीत. जर्मन तुम्ही *विसरलात*, आणि विसरणं म्हणजे पाटी कोरी होणं नव्हे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, विसरू द्यायच्या, परत पाठ करायच्या. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागायचा. म्हणून ए-१ पुन्हा पहिल्या पानापासून करा, लाजू नका, भराभर जाईल. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत. शब्दांसाठी अँकी, म्हणजे शब्दांची कार्डं पुन्हा पुन्हा दाखवणारं ॲप. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट, आयफोनवर मात्र विकत. शब्द एकटा लिहू नका, लिंगासकट लिहा. चमचा देर ल्योफेल, काटा दी गाबेल, सुरी दास मेसर, तिघांची तीन लिंगं. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको, आपलंही "तो चमचा, ती सुरी, ते ताट" असतंच.

कन्नडचं उलट आहे. कान तयार, तोंड बंद. तिथे व्याकरणाचं पुस्तक आणू नका. "ननगे नीरु बेकु" म्हणजे मला पाणी पाहिजे. शब्दाखाली शब्द ठेवा: ननगे मला, नीरु पाणी, बेकु पाहिजे. क्रमही तोच. वाक्याचा साचा तुमच्या डोक्यात आहे, फक्त बोलायला माणूस हवा. लिपी लग्नानंतर शिका. मी स्वतः इटालियन आणि स्पॅनिश एकदम सुरू करून दोन्हीची भेळ केली, त्यामुळे एका वेळी एकच घ्या असं म्हणेन. आधी कन्नड, कारण तारीख ठरलेली आहे.

कळवा_नाका: एकच घ्या. आणि आगाऊ पैसे देऊ नका.

सकुरा_घोडबंदर: जपानीतही क्रियापद शेवटीच येतं, मराठीसारखं. कुणी लक्षच देत नाही.

लोकलचा_पंडित: अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या लोकांना जपानीसाठी वर्गाचे २,२०० तास धरतं. ताईंचं लग्न मार्गशीर्षात आहे.

सकुरा_घोडबंदर: लग्न त्यांचं नाही. आणि ते तास इंग्रजीवाल्यांसाठी आहेत. नीट वाचत जा.

पाचपाखाडी_७०: जर्मन शिकायचं तर काळा घोड्याचं मॅक्सम्युलर भवन, दुसरं काही नाही. आम्ही ऑफिस सुटल्यावर चालत जायचो. हल्लीच्या मुलांना सगळं घरबसल्या हवं.

कोपरीची_मेधा: काका, तिथली एका पातळीची फीसुद्धा माझ्या ३,०००त बसत नाही.

नेरुळकाकू: ए-१ तर येतच असेल ना तुम्हाला? मग थेट बी-१ला बसा, एका पातळीची फी वाचेल.

रविवारचा_विद्यार्थी: काकू, नको. पाया कच्चा राहिला की पुढे दातिव-आक्कुझाटिव या विभक्तींचा घोळ जन्मभर पुरतो.

कोपरीची_मेधा: सगळ्यांचे आभार. सगळ्यांनी एकच घ्या म्हटलं, मी दोन्ही घेतल्यात. जाताना जर्मन, येताना कन्नड. डॉइचे वेलेचा फुकटचा ए-१ पहिल्यापासून लावलाय, तिसऱ्या धड्यात माझीच २००३ची चूक सापडली. धारवाडच्या मामीला रोज व्हॉट्सॲपवर एक वाक्य बोलून पाठवते, ती सुधारून परत पाठवते आणि हसते. काल "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, विचारलं, तर तिने सात मिनिटं स्वयंपाकाचं सांगितलं. सगळं कळलं. उत्तर द्यायला मला तुर्भे ते ठाणे लागलं. क्लास लावला नाही. लेडीज डब्यात भजनी मंडळ असतं आणि धड्याचा आवाजच ऐकू येत नाही, म्हणून २,६०० हेडफोनला गेले. उरलेल्यात गोखले रोडवरून दोन वह्या.

पाचपाखाडी_७०: हेडफोनने भाषा येते होय.

कळवा_नाका: २,६००चे कशाला घेतलेत? आणखी चार हजार घातले असते तर चांगले आले असते. मी तेच वापरतो. बजेट किती होतं तुमचं?