आईच्या जुन्या कॅलेंडरवरची लाल टिंबं कशाची असतील? आणि ही कॅलेंडरं ठेवायची कशी?

डोंबिवलीकर_८२

नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय आणि भाड्याने मिळालेली जागा आत्ताच्या निम्मी आहे, त्यामुळे गेले दोन रविवार माळा आवरतोय. पितळी बंब, पाट, वातींचा स्टोव्ह, माझी चौथीच्या स्कॉलरशिपची पुस्तकं, हे सगळं निघणार माहीतच होतं. पण सगळ्यात मागे जुन्या सुती साडीत बांधलेलं एक बोचकं निघालं आणि त्यात कालनिर्णय! १९८४ पासून २०२३ पर्यंत, मधली तीन नाहीत, बाकी सगळी सदतीस, सुरळ्या करून ठेवलेली. आई २०२४ च्या फेब्रुवारीत गेली. त्या वर्षीचं अजून ओट्याच्या बाजूच्या भिंतीवरच आहे, ते काढायला कुणाचाच हात झाला नाहीये.

बायको म्हणते फोटो काढून ठेव आणि रद्दीत दे, जागा कुठाय. तिचंही चूक नाही. पण मी जमिनीवर बसून एकेक उघडत गेलो आणि रात्रीचे दोन वाजले. आई डायरी वगैरे लिहिणारी नव्हती, पण प्रत्येक चौकोनात काहीतरी आहेच. 'दू. १॥' म्हणजे दूध दीड लिटर, 'बाई खाडा', 'सिलिंडर लावला' (आणि तो संपला की मागे मोजून किती दिवस गेला ते), 'हे नाशिक', 'भिशी', 'बेबी ताप १०२' (बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण). २१ सप्टेंबर १९९५ ला लिहिलंय, 'गणपती दूध प्यायला. दू. अर्धा जास्त घेतलं.' २६ जुलै २००५ च्या चौकोनात फक्त 'हे आले नाहीत' आणि २७ ला 'हे ४ ला आले. चालत.' बाबा ठाण्यापासून रुळांवरून चालत आले होते, पॅंट मांडीपर्यंत चिखलाने भरलेली, ते मला लख्ख आठवतं, पण वेळ चारची होती हे आता कळलं.

तर माझे प्रश्न दोन. एक, कागद पिवळे पडलेत, घडीवर तुटतायत, ठेवायचे तर कसे ठेवायचे? आणि दुसरा म्हणजे, काही चौकोनांच्या खालच्या कोपऱ्यात लाल रिफिलने एक बारीक टिंब आहे, तांदळाच्या कणीएवढं. पुढे काही लिहिलेलं नाही. दर महिन्याला एक असतं पण तारीख ठरलेली नाही. १९९९ पासून एक हिरवं टिंबही सुरू होतं. लाल २००८ नंतर दिसत नाही आणि हिरवं २०१० च्या डिसेंबरपर्यंत आहे. भिशी, आरडी, लाइट बिल हे सगळं ती अक्षरांत लिहायची, मग हे काय असेल? बाबाही आता नाहीत, विचारणार कुणाला.

अण्णा_माणदेश

दादा, रद्दीत देऊ नका एवढं आधी सांगतो.

आमचे वडील शेतकरी, चौथीपर्यंत शिकलेले, पण कालनिर्णय १९७३ ला सुरू झालं तेव्हापासून ते घरात यायचं आणि ते त्यावर पाऊस लिहायचे. पडला की तारखेला गोल, जोराचा पडला तर दोन गोल, आणि बाजूला नक्षत्र, मृग, आर्द्रा, हस्त. ७३ च्या पहिल्या सहा महिन्यांत एकही गोल नाही, कारण बहात्तरचा दुष्काळ चालूच होता. 'खडी, २ माणसं' असं लिहिलंय, म्हणजे आई आणि ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे तो हजेरीचा हिशोब. आम्हा पोरांना तिथं सुकडी मिळायची आणि घरी रेशनवरची लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी काही धड व्हायची नाही, आई रडकुंडीला यायची. वडील गेल्यावर भावानं घर पाडून नवीन बांधलं, त्यात ती कॅलेंडरं गेली, माझ्याकडे दोनच राहिली आहेत. भावाला मी आजवर काही बोललो नाही, पण अजून लागतं.

टिंबाचं म्हणाल तर एकादशी नसणार, ती छापलेलीच असते. आणि तिथ्या १९ वर्षांनी जवळपास त्याच तारखांवर परत येतात, १९९५ ची गणेश चतुर्थी २९ ऑगस्टला होती आणि २०१४ चीही २९ ऑगस्टलाच. तेव्हा तुमची टिंबं १९ वर्षांच्या अंतरानं लावून बघा, जुळली तर काहीतरी उपासतापास असेल. नाही जुळली तर वेगळंच काहीतरी.

निळी_शाई

दादा, लिहू की नको असं झालं, पण तुम्ही मनापासून विचारताय म्हणून लिहिते. दोन लाल टिंबांमधले दिवस मोजा. सव्वीस, अठ्ठावीस, तीस असे येत असतील तर ती तुमच्या आईच्या पाळीची तारीख आहे. माझी आई पण असंच करायची, आणि मी लग्नानंतर कित्येक वर्षं केलं, मोबाइलमध्ये अॅप आल्यावर बंद झालं. आमच्या घरी 'कावळा शिवला' म्हणायचे, मोठ्याने तेवढंच, बाकी सगळं टिंबात.

हिरवं टिंब म्हणजे तुमच्या बहिणीचं. ती १९९९ ला साधारण तेरा वर्षांची होती का? आणि २०१० च्या डिसेंबरच्या आसपास तिचं लग्न झालं का?

पेरूची_फोड

निळी शाई बरोबर सांगतायत, मीही वाचता वाचता हेच म्हणत होते.

फक्त एक सांगावंसं वाटतं. हे टिंब आईचं असतं तेव्हा आठवण वगैरे ठीक आहे, पण माझ्या सासरी हेच कॅलेंडर हॉलमध्ये लावलेलं असायचं आणि सासूबाई माझी टिंबं ठेवायच्या. गौरी-गणपतीच्या महिनाभर आधी बोट ठेवून मोजायच्या आणि तारीख जवळ येत असली की गोळ्या आणून हातात द्यायच्या, पुढे ढकलायला. सगळ्यांसमोर. डॉक्टरला विचारणं वगैरे काही नाही. चौदा वर्षं मी त्या गोळ्या घेतल्या, गणपतीत सगळे मोदक खात असायचे आणि मला मळमळत असायचं, पुरणाच्या वासानेसुद्धा पोटात ढवळायचं. माझ्या मुलीच्या वेळी मी स्वच्छ सांगितलं, हिची तारीख भिंतीवर लागणार नाही आणि ही गोळीही घेणार नाही, गौरी जेवतील नाहीतर राहतील. जेवल्या.

तुमच्या आईने टिंब कोपऱ्यात इतकं बारीक ठेवलं, घरातल्या पुरुषांना चाळीस वर्षं पत्ता लागला नाही, म्हणजे त्यांनी मुलीची लाज राखली होती असं मला वाटतं. बहिणीला नक्की दाखवा.

डोंबिवलीकर_८२

निळी शाई, हो. बेबी १९८६ ची, आणि लग्न १२ डिसेंबर २०१०. दिवसही मोजले, सत्तावीस-अठ्ठावीसच येतायत. मी बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत आईबरोबर त्या घरात राहिलो, रोज त्याच कॅलेंडरवर सुट्ट्या बघायचो, आणि मला हे कधी दिसलं नाही. बेबीला फोन केला तर ती म्हणाली मला माहीत होतं, हिरवा रंग मीच मागितला होता.

पण तुम्ही सांगितल्यावर मी सगळी कॅलेंडरं परत लावून बघितली, आणि एक गोष्ट मनातून जात नाहीये. १९९१. लाल टिंब ११ मे ला आहे. जूनमध्ये नाही. जुलैमध्ये नाही. ऑगस्टच्या १७ तारखेला लिहिलंय 'माई आली', ती सांगलीची मावशी. त्याच्यापुढे पाच चौकोन रिकामे. दुधाचाही आकडा नाही. आईच्या सदतीस कॅलेंडरांत असे सलग रिकामे चौकोन दुसरीकडे कुठे नाहीत, अगदी आजी गेली त्या आठवड्यातही दूध लिहिलेलं आहे. २३ पासून परत दूध सुरू होतं, पण अक्षर बाबांचं. आई नुसतं 'दू. १॥' लिहायची, बाबांनी नऊ दिवस पूर्ण 'दूध दीड लिटर' लिहिलंय. मग परत आईचं अक्षर, आणि २८ सप्टेंबरला लाल टिंब.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आम्हाला सांगितलं होतं आईला कावीळ झालीये. मावशी आम्हाला म्हणायची आईजवळ दंगा करू नका, आणि शेजारच्या काकू ताकभात द्यायच्या. आमचा पाच दिवसांचा गणपती त्या वर्षी दीड दिवसाचा केला म्हणून मी रुसलो होतो, जेवलोच नव्हतो. आई उठून मला भरवायला आली होती हे आठवतंय. भिंतीला धरून धरून.

मावशीला विचारावं का? तिला आता ऐंशी पूर्ण होतील.

निळी_शाई

विचारा. हळू विचारा, फोनवर घाई न करता. सांगायचं नसेल तर त्या सांगणार नाहीत, पण कुणी विचारलं एवढंही कदाचित त्यांना बरं वाटेल.

पुस्तकातली_वाळवी

मी ग्रंथालयात काम करते, म्हणून पहिल्या प्रश्नाचं तेवढं सांगते. लॅमिनेशन अजिबात करू नका, ते परत काढता येत नाही आणि आत कागद खराब होतच राहतो. फाटलेल्या जागी सेलोटेप नको, काही वर्षांनी तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरंच खातो. सुरळ्या सोडवा, पण एकदम ताणू नका, स्वच्छ चादरीवर पसरून वरून हलकं वजन ठेवून दोनतीन दिवस राहू द्या. पिना गंजल्या असतील तर काढून टाका. मग आडवी, एकावर एक, धुतलेल्या सुती कापडात बांधून कपाटात वरच्या कप्प्यात, जमिनीजवळ नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको, प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको, ओल धरते. तुमच्या आईंनी सुती साडीत बांधली होती म्हणूनच ती टिकलीत. डांबरगोळ्या ठेवल्यात तर कागदाला चिकटून नको. फोटो काढायचे तर खिडकीजवळ दिवसा, फ्लॅश बंद करून, आणि लाल-हिरवी टिंबं नीट दिसतायत का ते झूम करून तपासा, रिफिलची शाई फिकी पडत जाते.

सदतीस कॅलेंडरांचा गठ्ठा एका सूटकेसपेक्षा जास्त जागा घेणार नाही. बायकोला एकदा दाखवा रचून.

डोंबिवलीकर_८२

काल रात्री मावशीशी बोललो. बराच वेळ ती काही बोललीच नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं कॅलेंडर. आईला चौथा महिना लागला होता म्हणाली. घरात सगळे झोपले असताना झालं, बाबांनी रिक्षा शोधून आणली आणि मावशी मागे आमच्याजवळ थांबली. आईने तिला शपथ घातली होती पोरांना सांगायचं नाही म्हणून. नंतर त्या दोघीसुद्धा त्यावर कधी बोलल्या नाहीत, तेहतीस वर्षांत एकदाही नाही.

मग म्हणाली ते कॅलेंडर मला बघायचंय, टाकू नकोस. बायकोला सगळं वाचून दाखवलं, तिने तिच्या साड्यांचा एक कप्पा रिकामा करून दिला. शनिवारी १९९१ चं घेऊन सांगलीला चाललोय. वाळवी ताई, सुरळी करायची नाही म्हणालात, तर ट्रेनमध्ये दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून नेलं तर चालेल का?

पुस्तकातली_वाळवी

चालेल. पुठ्ठे कॅलेंडरपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठे घ्या, आणि प्रवासापुरतं वरून प्लास्टिक गुंडाळा, पाऊस आहे. पोचल्यावर लगेच काढा.