चौकातल्या नव्या इमारतीला १० वर्षांची करसवलत: पाठिंब्याच्या पत्रावर सही करावी का?

वैशाली (इंडियाना)

नमस्कार मंडळी. इंडियाना राज्यातल्या एका छोट्या शहरात माझं मसाले-किराण्याचं दुकान आहे, अगदी कोर्टाच्या चौकात. गावाचं नाव देत नाही, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. चौकाभोवती विटांच्या जुन्या दुमजली-तिमजली इमारती आहेत. खाली दुकानं, वरचे मजले वर्षानुवर्षं रिकामे. संध्याकाळी कोर्ट सुटलं की रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळी वर्दळ हायवेजवळच्या वॉलमार्टकडे.

आता चौकालगतच्या नगरपालिकेच्या पार्किंगच्या जागेवर एका बिल्डरला ६० फ्लॅटची इमारत बांधायची आहे. त्यासाठी त्याने मालमत्ता करात १० वर्षं सूट मागितली आहे. दुकानदारांनी पाठिंब्याचं पत्र तयार केलंय आणि माझी सही मागताहेत. चौकात वस्ती मला हवीच आहे, ६० घरं म्हणजे रोजचं गिऱ्हाईक. पण माझ्या दुकानाच्या मालकांनी गेल्या वर्षी छत बदललं, वायरिंग नवं केलं, त्यांना कुणी काही सोडलं नाही. शिवाय माझ्या भाडेकरारानुसार या जागेचा मालमत्ता कर मीच भरते. बिल्डरला माफ झालेला कर माझ्या डोक्यावर येणार का? कुणाला यातलं नीट कळत असेल तर सांगा.

सुहास (सातारा)

ताई, अमेरिकेचे नियम मला माहीत नाहीत, इथला अनुभव सांगतो. महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. तालुक्यांचे गट पाडलेत, तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त. पण ती कारखान्यांसाठी. एमआयडीसीत शेड उभ्या राहतात आणि जुन्या पेठेतला वाडा पागडीच्या भाडेकरूंसकट तसाच ढासळत राहतो. त्या वाड्याची उद्या घरपट्टी माफ केली तरी तो उठणार नाही, कारण त्याचं दुखणं घरपट्टीचं नाहीच. भाऊबंदकी आणि भाडेकरूंचे हक्क यात तो अडकलाय. म्हणून मी आधी विचारीन, तुमच्या चौकाचं दुखणं नक्की काय आहे?

हेमंत (कोलंबस, इंडियाना)

वैशालीताई, मी इथल्या स्थानिक संस्थांचे हिशेब पाहतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी तुमच्या डोक्यावरचं. या इमारतीमुळे तुमचं बिल आजच्यापेक्षा वाढणार नाही. सूट फक्त नव्या बांधकामाच्या मूल्यावर मिळते, जमिनीवर नाही, आणि ती जागा नगरपालिकेची असल्याने आज तिथून कर येतच नाही. होतं एवढंच, की नवं मूल्य हिशेबात धरलं असतं तर सगळ्यांचा दर थोडा उतरला असता, तो उतरत नाही. इथे दुसरी गोष्ट येते. इंडियानात करावर मर्यादा आहे: स्वतः राहत्या घराला मूल्याच्या १ टक्का, भाड्याच्या घरांना आणि शेतजमिनीला २ टक्के, दुकानं-कारखान्यांना ३ टक्के. २००८ साली हा कायदा झाला, २०१० साली तो राज्यघटनेत गेला. ज्याची मर्यादा गाठली गेली त्याच्याकडून, मतदारांनी जनमताने मंजूर केलेला कर सोडला तर, पुढे एक पैसाही घेता येत नाही. मग खड्डा पडतो तो नगरपालिकेच्या, शाळेच्या आणि ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात. शिक्षकांचे पगार २००९ पासून राज्याच्या तिजोरीतून होतात, पण शाळेच्या बस आणि इमारतींची देखभाल अजून मालमत्ता करावरच चालते.

आता रक्कम किती ते बघू. समजा इमारतीचं करयोग्य मूल्य १ कोटी डॉलर धरलं. भाड्याचे फ्लॅट, म्हणजे कमाल कर वर्षाला २ लाख. १० वर्षांच्या नेहमीच्या तक्त्यात सूट अशी उतरत जाते: १००, ९५, ८०, ६५, ५०, ४०, ३०, २०, १० आणि शेवटी ५ टक्के. बेरीज ४९५ टक्के. म्हणजे १० वर्षांची सूट म्हटली तरी माफी जवळपास ५ वर्षांच्या कराची, ९ लाख ९० हजार डॉलर. तुमच्या सभेत "१० वर्षं फुकट" असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही, आणि "किरकोळ रक्कम आहे" असं म्हटलं तर तेही खरं नाही.

खरा प्रश्न असा, की हे पैसे मिळाले नाहीत तर इमारत होणारच नाही का? छोट्या गावात हे बऱ्याचदा खरं असतं. विटा, लिफ्ट, प्लंबर यांचा खर्च इंडियानापोलिसइतकाच येतो, भाडं मात्र तेवढं मिळत नाही. पण ते बिल्डरच्या तोंडी शब्दावर मानू नका. अपेक्षित भाडं, कर्जाचा हप्ता आणि सवलतीविना राहणारी तूट, हा ताळेबंद नगरपरिषदेने मागावा. सोबत टिफ (टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग) मागितलाय का तेही विचारा. टिफमध्ये नव्या बांधकामामुळे वाढलेला कर पुनर्विकास आयोगाकडे जातो आणि त्यातून रोखे फेडले जातात. हे २५ वर्षांपर्यंत चालू शकतं, आणि तोवर त्या वाढीव करातलं शाळा-ग्रंथालयाला काही मिळत नाही.

सुहासरावांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या कोलंबसमध्ये डाउनटाउनमधलं गिऱ्हाईक टिकवायला १९७३ साली वास्तुरचनाकार सीझर पेलींच्या आराखड्याचा 'द कॉमन्स' हा छताखालचा सार्वजनिक चौक उभा राहिला. मिलर कुटुंबाने तो गावाला दिला, लागून सीअर्ससकट मॉल होता. इतकं चांगलं बांधकाम आणि इतका उदार देणगीदार मिळूनही खरेदीचा ओघ बाहेर गेलाच. शेवटी ती वास्तू बरीचशी पाडली, शिल्पकार टिंगलींचं आतलं हलतं शिल्प जपलं आणि २०११ साली नवा कॉमन्स उघडला. गंमत नाही, चिंतेची गोष्ट अशी की २५व्या रस्त्यावरचा मॉलही पुढे ओस पडला, २०१८ साली तो नगरपालिकेने आणि रुग्णालयाने मिळून विकत घेतला. माझ्या मते आमचा वॉशिंग्टन स्ट्रीट, म्हणजे डाउनटाउनमधला मुख्य रस्ता, जगला तो कमिन्स या इंजिन कंपनीने १९८३ साली मुख्य कार्यालय गावाच्या मध्यात बांधलं म्हणून. पुण्याहून आलेली आमच्यासारखी कितीतरी माणसं तिथून दुपारी पायी जेवायला बाहेर पडतात. रस्त्यावर माणसं असली तर दुकानं आपोआप टिकतात. म्हणून ६० घरं ही मागणी योग्यच आहे, तिला विरोध करू नका.

पण तुमच्या मालकांचं छत मला खटकतंय. हीच करसवलत जुनी इमारत दुरुस्त करणाऱ्यालाही मिळू शकते! अट अशी, की नगरपरिषदेने तो भाग आर्थिक पुनरुज्जीवन क्षेत्र म्हणून जाहीर केलेला हवा आणि अर्ज काम सुरू होण्यापूर्वी हवा. छोट्या मालकांना हे कुणी सांगतच नाही, कारण त्यांच्याकडे वकील नसतो. त्यामुळे एका प्लॉटपुरतं नव्हे, सगळ्या चौकाभोवतीचं क्षेत्र जाहीर करा, अशी मागणी करा. मग वरचे रिकामे मजले राहण्याजोगे करणाऱ्यालाही आधार मिळेल. इमारत ऐतिहासिक म्हणून प्रमाणित झाली आणि ती भाड्याने देण्यासाठी असली, तर पात्र खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत वेगळी मिळते, ५ वर्षांत विभागून.

त्या पत्रावर सही करण्यापेक्षा स्वतःचं पत्र द्या.

वैशाली

हेमंतदादा, मनापासून आभार. मालकांना फोन करून बिल मागवलं. त्यावर ३ टक्क्यांच्या मर्यादेमुळे मिळालेली वजावट दिसते आहे. याचा अर्थ मला तोटा नाही, असंच ना? आणि बिल्डरने नव्या इमारतीच्या तळमजल्यावरची दुकानं रिकामीच ठेवली तर सवलत परत घेता येते का?

हेमंत

बरोबर, तुमची मर्यादा गाठली आहे. तुमचं बिल हलणार नाही, झळ शाळेला आणि ग्रंथालयाला बसेल. म्हणून सुनावणीला ग्रंथालयाच्या मंडळाला जरूर बोलवा.

दुकानांचं असं: बिल्डर एसबी-१ अर्जात गुंतवणूक, नोकऱ्या वगैरे लिहून देतो आणि दरवर्षी सीएफ-१ मध्ये काय पूर्ण केलं ते कळवतो. त्याच्या हाताबाहेरच्या कारणाशिवाय वचन मोडलं असेल तर नगरपरिषद पुढची सूट थांबवू शकते. पण जे लिहून घेतलेलंच नाही त्यावर बोट ठेवता येत नाही. तळमजला भाड्याने देण्याची मुदत लेखी करारात घालायला सांगा, आणि मुदत चुकली तर आधी सोडलेला कर परत भरण्याचं कलमही.

आधी क्षेत्र जाहीर करणारा ठराव होतो, मग नोटीस, जाहीर सुनावणी आणि त्यानंतर कायम करणारा ठराव. बोलायची जागा सुनावणी. लेखी पत्र आधीच क्लार्ककडे द्या. कोणत्या संस्थेचं मर्यादेमुळे किती उत्पन्न बुडतं ते काउंटी ऑडिटरच्या कार्यालयात विचारा, तो कागद पत्रासोबत जोडा.