हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल? गडावरच्या इंग्रजी फलकासाठी मदत हवी

गडवाट_वाई
नमस्कार मंडळी. आमचा गडसंवर्धनाचा छोटा गट आहे. रायगड-राजगडासह बारा किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून आमच्या आडवाटेच्या गडावरही बाहेरची माणसं येऊ लागलीत, म्हणून पायथ्याला इंग्रजी फलक लावायचं ठरलंय. तीन ठिकाणी गाडी अडलीय. 'हिस्टॉरिक फोर्ट' की 'हिस्टॉरिकल फोर्ट'? टाक्यातलं पाणी बारमाही आहे, तिथे 'कंटिन्युअस' की 'कंटिन्युअल'? आणि घाटवाटेचं 'इकॉनॉमिकल इम्पॉर्टन्स' चालेल का? फलक पत्र्यावर छापायचाय, पुन्हा बदलणं परवडणार नाही.

चौथी_बेंच
क्लासमध्ये शिकवलेला नियम सांगतो. शेवटी 'इकल' असेल तर 'त्या विषयासंबंधी', नुसतं 'इक' असेल तर 'महत्त्वाचं, थोर'. त्यामुळे इकॉनॉमिकल बरोबर वाटतंय.

कोर्टभाषा
चौथी बेंच, हा नियम हिस्टॉरिकपाशी चालतो आणि पुढच्याच शब्दाला उलटा पडतो. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवहारासंबंधी, आणि इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं, कमी खर्चाचं. घाटवाटेचं महत्त्व 'इकॉनॉमिक' लिहा. कमी पेट्रोल पिणारी गाडी इकॉनॉमिकल. इलेक्ट्रिक-इलेक्ट्रिकलमध्ये तर तसा फरकच नाही. पंखा इलेक्ट्रिक आणि इंजिनिअर इलेक्ट्रिकल, एवढी वहिवाट. म्हणून मी शेपटांचे नियम बाजूला ठेवते आणि शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते पाहते.

हिस्टॉरिकमध्ये आपली फसगत होते कारण मराठीत ऐतिहासिक कादंबरी आणि ऐतिहासिक निर्णय, दोन्हीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत कादंबरी हिस्टॉरिकल, कारण ती इतिहासावर आहे. पेशवे दप्तरातले कागदही हिस्टॉरिकल, मग त्यात घोड्याच्या चंदीचा हिशेब का असेना. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक मात्र हिस्टॉरिक, त्याने पुढचा काळ बदलला. तुमचा गड इतिहासात मान असलेली वास्तू आहे, तेव्हा 'हिस्टॉरिक फोर्ट'च लिहा.

पाण्यासाठी कंटिन्युअस. अखंड हरिनाम सप्ताहात पहारेकरी बदलतात, पण वीणा सातही दिवस खाली टेकत नाही, ते कंटिन्युअस. पावसाळ्यात लाईट जाते, येते, परत जाते, हा त्रास कंटिन्युअल. बोलताना इंग्रज लोकही या दोघांत सरमिसळ करतात, पण छापील मजकुरात भेद पाळलेला बरा.

मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. तिथे सगळ्यात जास्त जपावं लागतं ते डिसइंटरेस्टेड या शब्दाला. 'डिसइंटरेस्टेड विटनेस' म्हणजे ज्याचा त्या दाव्यात हितसंबंध नाही असा साक्षीदार. शेताच्या बांधाच्या वादात सख्खा भाऊ साक्षीला आला तर वकील त्याला 'इंटरेस्टेड' म्हणून उभा-आडवा तपासतात. शेजारच्या गावच्या, कुणाशी देणंघेणं नसलेल्या माणसाचा शब्द त्यामुळेच जड ठरतो. त्याला भाषांतरात 'उदासीन साक्षीदार' केलं की हा माणूस कंटाळून बसलाय असं वाटतं आणि साक्षीचं वजनच जातं. कंटाळलेला तो अनइंटरेस्टेड. इंटरेस्टचे दोन अर्थ आहेत, रस आणि हितसंबंध. त्यातला कुठला नाकारायचा हे आधी ठरवा.

ज्युडिशियल आणि ज्युडिशिअस यांचं मूळही एकच. ज्युडिशियल कस्टडी न्यायालयीन असते; ज्युडिशिअस म्हणजे सारासार विचाराने केलेलं, मग ते घरातलं पाणी वापरणं का असेना.

चौथी_बेंच
मग मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तिथे क्लासिक की क्लासिकल?

कोर्टभाषा
'क्लासिकल लँग्वेज'. शास्त्रीय संगीतही क्लासिकल. क्लासिक म्हणजे आपल्या प्रकारातला अव्वल नमुना. तो लावणीतलाही असू शकतो.

गडवाट_वाई
ताई, फार उपकार झाले. तिन्ही जागा दुरुस्त केल्या. एकच राहिलं: वाटेत वीरगळ आहे, तिथे 'मेमोरेबल स्टोन' लिहिलंय.

कोर्टभाषा
ते तेवढं छापायच्या आधी बदला. मेमोरेबल म्हणजे लक्षात राहील असा, सहलसुद्धा मेमोरेबल असते. कुणाच्या स्मरणार्थ उभा केलेला तो मेमोरियल. अभ्यासक वीरगळीला इंग्रजीत 'हीरो स्टोन' म्हणतात, तोच शब्द घ्या आणि आधी 'वीरगळ' हे नाव रोमन लिपीत जसंच्या तसं येऊ द्या. खाली एक ओळ जोडा की लढाईत पडलेल्या वीराचं हे मेमोरियल आहे.