रानजायफळासाठी जागा नकाशावरूनच शोधायला हव्यात

सह्यकडा
दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याच्या राईत (देवराईत) रानजायफळाच्या झाडांची दलदल आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र किती, तर २.५९ हेक्टर. पलीकडे गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राय, आणि मग खाली कर्नाटक, केरळ. हे रानजायफळ, म्हणजे मायरिस्टिका मॅग्निफिका, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे. मधल्या डोंगरांत अशा जागा आणखी किती, हे नुसतं पायी फिरून या जन्मात कळायचं नाही. माहीत असलेल्या झाडांचे जीपीएस बिंदू, पाऊस, तापमान, उतार, माती हे सगळं मॅक्सेंटला द्या, म्हणजे झाड कुठे वाढू शकेल याचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेलला. २००६ पासून ही पद्धत जगभर वापरात आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे. झाडाला मानवेल अशी जागा ते नकाशावर लाल दाखवतं, न मानवणारी पांढरी. तिथेच रोपं लावा. रस्त्याकडेला टँकर पोचतो म्हणून लावण्यापेक्षा हे शतपटीने बरं.

पिक्सेलमोड
काही बरं नाही. साधा हिशेब करा. हवामानाचा जो फुकट डेटा सगळे वापरतात, वर्ल्डक्लिम, त्याचा सर्वांत बारीक चौकोन ३० आर्कसेकंदांचा, म्हणजे अंशाच्या १२०व्या भागाचा. आपल्या अक्षांशावर तो ८० हेक्टरांच्या वर भरतो. म्हणजे बांबर्ड्यासारख्या तीस राया एका चौकोनात मावतील, आणि त्या सगळ्यांना एकच पाऊस, एकच तापमान! दलदल काय पावसाने होते? पाऊस अख्ख्या दोडामार्गात धो धो पडतो. ओहोळ सपाटीला येतो, पाणी उन्हाळ्यातही हटत नाही, चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं चिखलावर काढून श्वास घेतं. हा खेळ पाच-पन्नास मीटरांत ठरतो.

आणि ते एयूसीचं, म्हणजे मॉडेलला मिळणाऱ्या एकपैकी गुणांचं, कौतुक पुरे. ०.९५ आला की लोक खूश. तुलनेला अख्खा भारत घेतला की घाटातल्या कुठल्याही झाडाचा एयूसी असाच चढतो. मॉडेलने राजस्थान वगळलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

सह्यकडा
नुसतं हवामान घ्या असं मी कुठे म्हटलं? एसआरटीएम या अवकाशातून रडारने केलेल्या मोजणीत जमिनीची उंची ३० मीटरच्या चौकोनांत मिळते, त्यावरून पाणी कुठे साचेल ते काढता येतं. सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र १० मीटरचं. मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूचं रान वाळतं आणि ओहोळाकाठचा पट्टा हिरवा राहतो, तो वेगळा काढायचा.

पिक्सेलमोड
एसआरटीएमचं रडार दाट रानात जमिनीपर्यंत पोचतच नाही, बरीचशी उंची झाडांच्या शेंड्यांची येते. त्यावर तुम्ही ओहोळ काढणार?

दोडामार्गकर
माका मॉडेल कळणा नाय, पण एक सांगतंय. एप्रिलात ओहळाक हिरवा काय दिसता? पोफळीची बाग! उपग्रहाक ती आणि राय येगळी दिसतली काय? आणि नकाशात सातबारो दिसता काय? आमच्याकडचा रान बराचसा खाजगी, एका सातबाऱ्यार ढीगभर नावां. तुम्ही लाल रंगवलेलो डोंगर मालकान रबराक दिलो तर? तोडबंदी कोर्टाची २०१३ पासून आसा, तरी करवत थांबली नाय. राय रवली ती देवाच्या भयान.

रानवाटसरू
आणि नकाशा छापायचा कुणासाठी? सिंधुदुर्गात नरक्या या औषधी झाडाचं काय झालं ते विसरलात? त्यात कॅम्प्टोथेसिन, कर्करोगाच्या औषधांचा कच्चा माल, म्हणून झाडं तोडून पोत्यांनी बाहेर गेली. अचूक बिंदू उघड्यावर टाकणं म्हणजे तस्कराला पत्ता देणं.

सह्यकडा
लपवल्यानेही झाडं जातात. बांबर्डं लोकांना कळलं म्हणूनच त्याला दर्जा मिळाला. न कळलेल्या दलदलीवर जेसीबी फिरला तर बोंब कोण मारणार? बिंदू नेमके देऊ नका, पण वनखातं आणि ग्रामपंचायत यांच्यापाशी तरी असू देत.

जायपत्री
नकाशा काढा, माझी ना नाही. माझी हरकत 'तिथेच रोपं लावा' याला आहे. रानजायफळाचं बी वाळलं की मेलं, पोत्यात भरून ठेवता येत नाही. रानात ते पसरवतो धनेश. फळ उकललं की जायपत्रीसकट बी गिळतो आणि दूर जाऊन ओकतो. नकाशाने 'योग्य' म्हटलेल्या जागी धनेश नसेल, त्याच्या घरट्याला ढोलीचं जुनं झाड नसेल, तर पुढची पिढी येणार कुठून? लावलेली झाडं म्हातारी होतील, बस्स.

म्हणून नकाशा शोधायला वापरा, लावायला नको. आणि सह्यकडा, एक विचारते. 'इथे गेलो, झाड नाही सापडलं' अशा नोंदी किती आहेत तुमच्याकडे? सगळे बिंदू वाटेच्या आणि रस्त्याच्या कडेचे असतील, तर मॉडेल झाडाची जागा सांगत नाही, अभ्यासक कुठे फिरले ते सांगतं.

सह्यकडा
तशा नोंदी कोणीच ठेवत नाही, हे खरं. पण पहिला नकाशा असल्याशिवाय कुठे जाऊन 'नाही' लिहायचं तेही ठरत नाही. यंदा दहा लाल ठिकाणं आणि दहा पांढरी घेऊ, दोन्हीकडे जाऊ. पांढऱ्यात सापडलं तर पिक्सेलमोडचं खरं.

दोडामार्गकर
येवा, पण मे म्हयन्यात. पाणी तेव्हा खय टिकता ता बघूक व्हया. जूनात आमच्याकडे सगळीच दलदल.