सीनियर केजीच्या मुलांना ऑनलाइन विज्ञान: घरातल्या वस्तूंतून काय घ्यावं, कसं घ्यावं?

गवतीचहा
साडेचार ते सहा वर्षांच्या आठ मुलांचा ऑनलाइन तास घ्यायचा आहे. सोमवारी आणि गुरुवारी, अर्धा-अर्धा तास. निम्मी मुलं मोबाइलवरून जोडली जातील. विषय ठरवलेत: तरंगणं-बुडणं, लोहचुंबक, बी रुजणं, सावली आणि आवाज. नुसते व्हिडिओ दाखवायचे नाहीत, मुलांनी स्वतः हाताने करावं असं डोक्यात आहे. घरोघरी साहित्य वेगळं असतं, मग काय सांगितलं म्हणजे प्रयोग फसणार नाही? आणि सगळी एकदम बोलायला लागली की काय करायचं?

रिकामा_डबा
आधी वेळेचं. २०२० साली केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटं म्हटलं होतं, तीही पालकांशी बोलून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. तेव्हा अर्ध्या तासाच्या वर अजिबात जाऊ नका. त्यातही मुलांची नजर पडद्यावर दहा-बारा मिनिटंच असावी, बाकीचा वेळ समोरच्या पातेल्यात.

तरंगणं-बुडणं पहिल्या आठवड्यात घ्या, कारण ते सहसा फसत नाही. परात मात्र सांगू नका. परातीत पाणी चार बोटं, सफरचंद तळाला टेकतं आणि ते तरंगतंय की बुडालंय हेच मुलाला कळत नाही. तीन-चार लिटरचा पारदर्शक डबा आणि त्यात किमान १५ सेंटिमीटर पाणी हवं. खाली जुना टॉवेल, आणि मोबाइल डब्यापासून हातभर लांब.

वस्तू: सफरचंद, बटाटा, एक रुपयाचं नाणं, खोडरबर, स्टीलचा चमचा, लाकडी चमचा, बाटलीचं झाकण. क्रमाला महत्त्व आहे. या वयाची मुलं ठामपणे सांगतात, 'जड असतं ते बुडतं.' त्यांना लगेच दुरुस्त करू नका. नाणं आणि सफरचंद लागोपाठ टाकायला लावा. बारकंसं नाणं तळाला गेलं आणि एवढं मोठं सफरचंद वर राहिलं की मुलं आपणच गप्प होऊन विचार करतात. घनता हा शब्द आत्ता नकोच.

दोन ठिकाणी घोळ होतो.

पहिला संत्र्याचा. सालीसकट तरंगतं, सोललं की बुडतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, मधोमध पोकळ. त्या पोकळीत हवा अडकली तर सोललेलंही वर राहतं. मग ते पाण्याखाली धरून हलकं दाबायचं, म्हणजे बुडबुडे बाहेर येतात. तरी वर आलं तर फोडी सुट्या करून टाकायच्या.

दुसरा घोळ अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा. 'होडी तरंगते, गोळा बुडतो' हे दाखवायला फॉइल हाताने चुरगाळलं तर गोळाही तरंगतो, कारण घड्यांत हवा राहते. बत्त्याने ठोकून घट्ट केला तरच बुडतो आणि ते काम मोठ्यांचं. त्यापेक्षा खेळायची तेलकट माती घ्या. लिंबाएवढा गोळा बुडतो, त्याचीच पातळ काठांची वाटी केली की तरंगते. कणीक नको, पाण्यात विरघळून सगळं गढूळ होतं.

सूरपेटी
तांत्रिक बाजू मी सांगते, कारण बरेच तास तिथेच अडकतात.

मागचं चित्र बदलण्याची किंवा धूसर करण्याची सोय बंद ठेवा. ती चालू असली की हातात धरलेलं पान किंवा चुंबक पडद्यावरून गायबच होतं, कॅमेऱ्याला फक्त चेहरा ओळखता येतो. पांढऱ्या ताटलीवर वस्तू ठेवू नका, चकाकीने रंग उडतो. गडद, चमक नसलेला कागद बरा.

आवाजाच्या तासाला झूम आणि मीट दोन्हीकडे गोंगाट कमी करणारी सोय आड येते. डब्यातले तांदूळ वाजवले की ती त्याला गोंगाट समजून कापून टाकते आणि मुलांना काहीच ऐकू येत नाही. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, मीटच्या सेटिंगमध्ये 'नॉइज कॅन्सलेशन' बंद करा. तरी माझं मत असं की हा खेळ प्रत्येकाने घरीच खेळावा: तीन सारखे डबे, एकात तांदूळ, एकात राजमा, एकात नाणी. पालकांनी हलवायचे, मुलाने डोळे मिटून ओळखायचं.

वरून टेबल दाखवायला दुसरा फोन लावणार असाल तर त्यावर ऑडिओ जोडूच नका. नुसता म्यूट केला तर माइक बंद होतो, पण स्पीकर चालूच राहतो. मग लॅपटॉपचा माइक तो आवाज पकडतो आणि सगळ्यांना प्रतिध्वनी ऐकू येतो.

एकदम बोलण्यावर उपाय म्हणजे उत्तर अंगाने द्यायचं. 'तरंगेल' म्हणजे दोन्ही हात वर, 'बुडेल' म्हणजे खाली बसायचं. तीन मोजून सगळ्यांनी एकदम. एका नजरेत आठ उत्तरं दिसतात आणि लाजरं मूलही सुटत नाही. मग दोघांनाच नाव घेऊन विचारा, 'तुला असं का वाटलं?' सरसकट म्यूट करू नका, ज्याच्या घरी मिक्सर चालू असेल त्याचाच करा.

मोडआलेलीमटकी
बी रुजण्याबद्दल. मूग सांगा, पण 'अख्खे, हिरवे' असं लिहून पाठवा, नाहीतर एखाद्या घरी मूगडाळ भिजत पडते आणि ती रुजत नाही. राजमा दिसायला छान, पण सावकाश रुजतो आणि मध्येच कुजतो. पाकिटातलं रंग लावलेलं बियाणं कटाक्षाने टाळा, त्यावर बुरशीनाशक असतं.

तुमचे वार सोयीचे आहेत. रविवारी रात्री दहा-बारा दाणे भिजवायला सांगा. सोमवारी काचेच्या ग्लासाला आतून ओला टिश्यू पेपर लावायचा, मधे चुरगाळलेला कागद कोंबायचा आणि काच व टिश्यूच्या मधे दाणे सरकवायचे. कापसात बी लपतं, इथे मूळ थेट दिसतं. रोज दोन चमचे पाणी. गुरुवारपर्यंत मुळं लांबलेली असतात. थंडीत किंवा परदेशातल्या हिवाळ्यात दोन-तीन दिवस जास्त धरा.

सोबत आणखी दोन वाट्या ठेवायला सांगा: एकीत कोरडे दाणे, दुसरीत पाण्यात पूर्ण बुडवलेले. कोरडे तसेच राहतात. बुडवलेले आधी फुगतात, एखाद्याला इवलंसं मूळही येतं, पण पुढे हवेअभावी कुजून वास मारतात. जास्त पाणी म्हणजे जास्त वाढ, ही समजूत तिथे आपोआप हलते.

रिकामा_डबा
चुंबकाबद्दल लिहायचं राहिलं. बारीक, चकचकीत गोळ्यांचे किंवा चकत्यांचे चुंबक अजिबात नकोत. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे धरून चिकटतात, भोक पडतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. तोंडात मावणार नाही एवढा पट्टी किंवा नाल आकाराचा चुंबक प्रत्येक घरी पोचवा. फ्रिजवरचे चपटे चुंबक चालतात, पण ओढ इतकी कमी की मुलं कंटाळतात.

स्वयंपाकघरातलं स्टील फसवतं: काही भांडी चिकटतात, काही नाहीत. तो दोष नाही, तीच गंमत आहे. 'घरातल्या पाच वस्तूंना लावून बघ' म्हटलं की मूल पडद्यापासून उठून फिरतं, ते आपल्याला हवंच आहे. फक्त मोबाइल, टीव्ही आणि एटीएम कार्डापासून लांब.

गवतीचहा
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. पालक शेजारी बसतात आणि मुलाच्या आधी उत्तर देतात. त्यांना कसं थोपवायचं? आणि सावलीचा तास मोबाइलवाल्या मुलांना जमेल का?

सूरपेटी
पालकांना लेखनिक करा. मूल जे बोलेल ते शब्दशः लिहायचं, चुकलेलं असलं तरी, आणि तास संपल्यावर फोटो पाठवायचा. हाताला काम दिलं की तोंड आपोआप बंद राहतं. 😄

सावलीसाठी ज्या फोनवर तास चालू आहे त्याच्या टॉर्चवर अवलंबून राहू नका. घरात वेगळी, पेन्सिल सेलवर चालणारी विजेरी असेल तर बरं. बटन सेलची नको, तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तुमच्या बाजूची खोली अंधारी करून उपयोग नाही, कॅमेरा उजेड वाढवायला जातो आणि चित्रात नुसते कण दिसतात. मुलाच्या बाजूला भिंत आणि विजेरी यांच्यात दोन पावलं अंतर, मधे हात. हात विजेरीकडे नेला की सावली मोठी, भिंतीकडे नेला की लहान. प्रकाश डोळ्यांवर मारायचा नाही, हे आधीच बजावा. मुलांना पडदे ओढायला आणि विजेरी शोधायला पाच मिनिटं द्या, ती तासातच धरा.