मदत हवी आहे: कर्मचारी संघटनांशी वाटाघाटींसाठी शहर बाहेरचा वकील नेमत आहे, रहिवाशाने नेमके काय विचारावे? (कॅलिफोर्निया)

सर्वांना नमस्कार.

मी कॅलिफोर्नियातील एका लहान शहरात राहतो. येत्या मंगळवारी होणाऱ्या सिटी कौन्सिलच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक ठराव आहे. शहराच्या तीन कर्मचारी संघटनांशी होणाऱ्या वाटाघाटींसाठी एका खासगी विधी संस्थेची नेमणूक करावी, असा त्याचा आशय आहे. तिन्ही संघटनांबरोबरचे सध्याचे करार ३० जूनला, म्हणजे आर्थिक वर्षाबरोबरच संपतात. ठराव कन्सेंट कॅलेंडरवर ठेवलेला असल्यामुळे मागील बैठकीचे इतिवृत्त आणि किरकोळ खरेदीच्या मंजुऱ्या यांच्यासोबत तो एकाच मतदानात, चर्चेविना संमत होईल, अशी चिन्हे आहेत.

ठरावासोबतची प्रशासकीय टिप्पणी जेमतेम दीड पानांची आहे. तीत ताशी दर आहे, कमाल खर्चाची मर्यादा आहे, आणि 'आवश्यकतेनुसार मुदत व रक्कम वाढविण्याचे अधिकार सिटी मॅनेजर यांना राहतील' असे एक वाक्यही आहे (सिटी मॅनेजर म्हणजे कौन्सिलने नेमलेले शहराचे मुख्य प्रशासक). मात्र हे वकील टेबलावर बसून स्वतः बोलणी करणार की पडद्यामागून सल्ला देणार, याचा उल्लेख कोठेही नाही. आमचे सिटी ॲटर्नी, म्हणजे शहराचे नेहमीचे वकील, हेसुद्धा शहराच्या नोकरीत नसून एका खासगी विधी संस्थेचे वकील आहेत आणि शहर त्यांना दरमहा ठरावीक शुल्क देते. मग दुसरी विधी संस्था कशासाठी, हा प्रश्न माझ्यासारख्या करदात्याला पडणे स्वाभाविक आहे.

धागा काढण्यापूर्वी जेवढे वाचता आले तेवढे वाचले आहे. येथील शहरे, काउंट्या आणि विशेष जिल्हे (पाणी, अग्निशमन अशा सेवांसाठीच्या स्थानिक संस्था) यांच्या कर्मचाऱ्यांना १९६८ चा मायर्स-मिलियास-ब्राउन कायदा लागू होतो आणि त्यानुसार वेतन, कामाचे तास व सेवाशर्ती यांबाबत शहराने मान्यताप्राप्त संघटनेशी सद्भावनेने बोलणी करणे बंधनकारक असते. कौन्सिलच्या बैठका मात्र १९५३ च्या ब्राउन कायद्याने खुल्या ठेवल्या आहेत. कामगार वाटाघाटींबाबत आपल्या प्रतिनिधींना सूचना देण्यासाठी कौन्सिलला बंद दाराआड बसता येते, हा त्यातील एक अपवाद. याचा अर्थ एकदा वकील नेमला गेला की पुढील कित्येक महिन्यांचा कारभार माझ्यासारख्याच्या दृष्टीआड जाणार. म्हणूनच ही नेमणूक उघडपणे चर्चेला येते ती एकमेव वेळ वाया जाऊ नये, असे वाटते.

मला बोलण्यासाठी तीन मिनिटे मिळतील. माझा विरोध वकील नेमण्याला नाही आणि संघटनांनाही नाही. ज्यांनी शहराच्या किंवा संघटनेच्या बाजूने असे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे की या तीन मिनिटांत कोणते प्रश्न विचारले असता खरोखर काही हाती लागेल.

— नदीकाठ

हिशेबनीस

नदीकाठ, मी बे एरियातील एका शहराच्या वित्त विभागात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे प्रशासनाच्या बाजूने लिहितो.

दुसरी विधी संस्था कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. सिटी ॲटर्नी यांचे रोजचे काम जमीनवापर, कंत्राटे, नुकसानभरपाईचे दावे आणि कौन्सिलच्या कार्यपद्धतीभोवती फिरते. सार्वजनिक क्षेत्रातील कामगार कायदा ही वेगळी वाट आहे. २००१ पासून शहरांविरुद्धच्या अनुचित प्रथांच्या बहुतेक तक्रारी राज्याच्या पब्लिक एम्प्लॉयमेंट रिलेशन्स बोर्डाकडे जातात (पोलिसांसारखे काही अपवाद आहेत), आणि त्या मंडळाच्या निर्णयांचा साठा एवढा मोठा आहे की तो रोज हाताळणाऱ्यालाच उमगतो. बोलणी पूर्ण न करता एखादी सेवाशर्त एकतर्फी बदलली, तर मंडळ ती पूर्ववत करायला लावते, वर भरपाईही द्यायला लावते. अशा एका चुकीची किंमत वकिलाच्या वर्षभराच्या बिलापेक्षा जास्त होऊ शकते.

दुसरे कारण टिप्पणीत सहसा कोणी लिहीत नाही. शहराच्या बाजूने बोलणी करायला बसणारे मनुष्यबळ संचालक आणि वित्त संचालक हे स्वतःही पगारदार कर्मचारीच असतात. अनेक शहरांत संघटनेला मिळालेली वेतनवाढ किंवा आरोग्यविम्यातील वाटा पुढील ठरावाने व्यवस्थापनालाही तसाच्या तसा लागू होतो. कोणी बेइमान असतो असे मला सुचवायचे नाही; पण समोरच्याची वाढ ही उद्याची आपलीही वाढ असते, तेव्हा ताणून धरण्याची इच्छा कमी होते, हे मी पाहिले आहे. तुमच्या शहरात व्यवस्थापनाच्या सवलती संघटनांच्या करारांशी जोडलेल्या आहेत का, हे अवश्य विचारा.

खर्चाबाबत एक सूचना. कमाल मर्यादेचा एकच आकडा पाहून काही कळत नाही. बोलणी सुरळीत झाली तर खर्च एक असतो. बोलणी फिसकटून कोंडी जाहीर झाली आणि प्रकरण तथ्यशोधनाकडे गेले तर तो पूर्ण वेगळा होतो. २०१२ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार कोंडी झाल्यावर संघटना तीन सदस्यांच्या तथ्यशोधन समितीची मागणी करू शकते. समितीपुढे तुलनात्मक शहरांचे वेतन, शहराची आर्थिक क्षमता, महागाई असे सगळे कागद मांडावे लागतात आणि हे काम तासांनी मोजले जाते. त्यामुळे मर्यादेचा आकडा कोणता टप्पा धरून काढला, हे विचारा. मर्यादा वाढवण्याचा अधिकार सिटी मॅनेजर यांच्याकडे न ठेवता प्रत्येक वाढ पुन्हा कौन्सिलपुढे आली पाहिजे, एवढी एक दुरुस्ती झाली तरी तुमची तीन मिनिटे सार्थकी लागली असे मी म्हणेन.

निळासागर

मी एका काउंटीत अभियंता आहे आणि आमच्या संघटनेच्या वाटाघाटी समितीवर काम केले आहे. हिशेबनीस यांचे बरेचसे म्हणणे बरोबर आहे, पण टेबलाच्या आमच्या बाजूने चित्र थोडे निराळे दिसते.

शहराने कोणाला बसवावे हे संघटना ठरवू शकत नाही आणि संघटनेने कोणाला बसवावे हे शहर ठरवू शकत नाही. त्यामुळे वकील येण्याला आमची हरकत नसते. अडचण होते ती त्याच्याजवळ अधिकार नसला म्हणजे. बाहेरचा वकील आला की साध्या गणवेश-भत्त्याच्या मागणीवरही 'विचारून सांगतो' हे उत्तर मिळते, पुढची तारीख दोन आठवड्यांनी पडते आणि दरम्यान त्याचे मीटर चालूच असते. ज्याला काहीच कबूल करण्याची मुभा नाही असा प्रतिनिधी पाठवणे हे सद्भावनेच्या अभावाचे लक्षण मानले जाऊ शकते, हे कौन्सिल सदस्यांना अनेकदा माहीतही नसते. काही कौन्सिलांना तर अप्रिय निर्णयासाठी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची असते आणि वकिलाचा खांदा भाड्याने मिळतो.

बाहेरचा माणूस आणला की कारभार आपोआप स्वच्छ होतो, या समजुतीला एक मोठे उदाहरण आहे. ऑरेंज काउंटीतील कोस्टा मेसा शहराने २०१२ मध्ये एक अध्यादेश केला, जो 'कॉइन' ('सिव्हिक ओपननेस इन निगोशिएशन्स') या संक्षेपाने ओळखला गेला. शहराचा मुख्य वाटाघाटीकार शहराचा कर्मचारी नसावा, प्रस्तावांच्या खर्चाची स्वतंत्र तपासणी व्हावी, दोन्ही बाजूंचे प्रस्ताव लोकांपुढे यावेत, अशा त्याच्या अटी होत्या. करदात्यांच्या गटांनी त्याचे स्वागत केले. कामगार संघटनांचा सवाल असा होता की, एवढा उजेड फक्त आमच्याच करारावर का? त्यातून २०१५ मध्ये राज्याने कायदा केला की, ज्या शहरांत असा अध्यादेश आहे तेथे अडीच लाख डॉलर आणि त्यावरील खासगी कंत्राटांनाही तशीच पारदर्शकता लागू राहील, आणि त्या कंत्राटांच्या यादीत विधी सेवाही होत्या. नदीकाठ यांच्या प्रश्नाचा गाभा मला येथेच दिसतो: कर्मचाऱ्याच्या पगाराचा पैसा जर जाहीरपणे मोजायचा, तर त्याच्याशी बोलणी करणाऱ्याचाही मोजायला हवा.

मुळामुठा

मी पुण्यात कामगार कायद्याची वकिली करतो; कॅलिफोर्नियाचा कायदा माझा विषय नाही, म्हणून एवढेच लिहितो. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ ने समेटाच्या कार्यवाहीत दोन्ही पक्षांना वकिलामार्फत बाजू मांडण्यास मनाई केली होती, आणि कामगार न्यायालयात किंवा न्यायाधिकरणापुढेही समोरच्या पक्षाची संमती व न्यायपीठाची परवानगी असेल तरच वकिलाला उभे राहता येत असे. त्या कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. मालक आणि कामगार यांनी समोरासमोर बोलावे, शब्दच्छल करणारा तिसरा मध्ये नको, अशी त्यामागची धारणा. व्यवहारात मात्र वकील बाहेरच्या खोलीत बसून मसुदे लिहीतच असत, आणि वकील असलेला माणूस मालकसंघाचा पदाधिकारी म्हणून आत जाऊ शकतो का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७६ च्या पारादीप पोर्ट ट्रस्ट प्रकरणात न्यायालयाने तो खरोखर पदाधिकारी असेल तर जाऊ शकतो असे सांगितले. तेव्हा वकील खोलीत आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही. त्याला सूचना कोण देतो, हे मी आधी विचारले असते.

नदीकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सूचना कोण देतो हा मुद्दा पटला, पण त्या सूचना तर बंद बैठकीत दिल्या जाणार आणि त्या विचारण्याचा मला अधिकार नाही, असे मला वाटते. तसेच विधी संस्थेची बिले 'वकील-अशील गोपनीयता' म्हणून नाकारली जातील का?

हिशेबनीस

सूचनांचा मजकूर तुम्हाला मिळणार नाही आणि मिळूही नये. समोरची बाजूही तीच विषयपत्रिका वाचते. परंतु ब्राउन कायद्यानुसार बंद बैठकीत जाण्यापूर्वी कौन्सिलने आपल्या नियुक्त प्रतिनिधींची ओळख खुल्या बैठकीत सांगावी लागते आणि प्रतिनिधींची व संघटनेची नावे साधारणपणे विषयपत्रिकेवरही छापलेली असतात. मागील कराराच्या वेळच्या विषयपत्रिका शहराच्या संकेतस्थळावर शोधा. तेथे मनुष्यबळ संचालकांचे नाव असेल आणि आता त्यांच्या जागी वकील येणार असेल, तर बदल नेमका काय आहे आणि तो का करावासा वाटला, हे विचारण्यास तुमच्याकडे कागदोपत्री आधार राहील.

बिलांबाबत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा लॉस एंजेलिस काउंटी प्रकरणातील निर्णय उपयोगी आहे. काउंटीने बाहेरच्या वकिलांना दिलेल्या बिलांची मागणी एका नागरी स्वातंत्र्य संघटनेने केली होती. बिले सरसकट गोपनीय ठरत नाहीत, परंतु चालू प्रकरणांतील बिले, एकूण रकमेसह, गोपनीय राहतात, असे बहुमताने ठरले. निकाली निघालेल्या प्रकरणांतील एकूण शुल्क मात्र उघड होऊ शकते. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की, मागील वाटाघाटींवर झालेला एकूण खर्च आज मागा. सार्वजनिक कागदपत्रांच्या अशा लेखी मागणीला शहराने साधारणपणे दहा दिवसांत कळवावे लागते, त्यामुळे मंगळवारपर्यंत उत्तर येणे कठीण आहे. म्हणून तोच प्रश्न बैठकीत तोंडीही विचारा. शिवाय करारातच अशी अट घालता येते की विधी संस्थेने दर तिमाहीस केवळ एकूण तास आणि एकूण रक्कम कौन्सिलपुढे खुल्या बैठकीत ठेवावी. गोपनीयतेचा हक्क अशिलाचा, म्हणजे शहराचा असतो, आणि स्वतःच्या खर्चाची बेरीज जाहीर करण्यास शहराला कोणी अडवत नाही.

निळासागर

एक भर. वकील केवळ वाटाघाटीकार म्हणून बसला असेल, तर त्याने केलेले सगळेच काम कायदेशीर सल्ला ठरते असे नाही. कराराच्या मसुद्यात सल्ला आणि प्रत्यक्ष बोलणी ही दोन कामे वेगळी लिहून त्यांची बिलेही वेगळी मागवली, तर पुढचा घोळ कमी होतो.

नदीकाठ

तीन मिनिटांसाठी पुढीलप्रमाणे मसुदा केला आहे, कृपया त्रुटी दाखवाव्यात.

'मान्यवर सदस्य, हा विषय कन्सेंट कॅलेंडरवरून काढून स्वतंत्र चर्चेला घ्यावा, ही विनंती. नियुक्त विधी संस्था शहराची मुख्य वाटाघाटीकार असेल की सल्लागार, हे करारात स्पष्ट लिहावे. तिला सूचना संपूर्ण कौन्सिल देईल की सिटी मॅनेजर, आणि व्यवस्थापनाच्या सवलती याच करारांशी जोडलेल्या असल्यास त्यावर उपाय काय योजला आहे, ते सांगावे. कमाल मर्यादा कोणता टप्पा गृहीत धरून ठरवली आणि मागील वाटाघाटींवर एकूण किती खर्च झाला, हे जाहीर करावे. मर्यादेतील प्रत्येक वाढ कौन्सिलच्या खुल्या मतदानानेच व्हावी आणि एकूण तास व रक्कम दर तिमाहीस सादर व्हावी.'

हिशेबनीस

मसुदा चांगला आहे. विषय कन्सेंट कॅलेंडरवरून काढण्याची विनंती रहिवाशाने केली तर ती मानायची की नाही, हे प्रत्येक शहराच्या नियमांवर असते. कौन्सिल सदस्याने सांगितले तर तो निघतो. म्हणून हाच मजकूर सोमवारी सकाळीच सिटी क्लर्ककडे (कौन्सिलचे कामकाज व कागदपत्रे सांभाळणारे अधिकारी) लेखी पाठवा, पाचही सदस्यांना प्रत द्या, आणि त्यांपैकी एकाला दूरध्वनी करून विषय वेगळा काढण्याची विनंती करा. सवलतींविषयीचे वाक्य शेवटी न्या. ते आधी आले तर मॅनेजर बचावात्मक पवित्रा घेतील आणि खर्चाच्या प्रश्नांची उत्तरे तशीच राहून जातील.